छत्तिसाव्या दिवसाचा प्रश्न

दारूचे व्यसन जडलेल्या ३८ भारतीयांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेता येतात ते १८० पैकी एकाला. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतले हे आकडे आहेत. त्याआधी बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, आणि आपली स्थिती त्यांच्याहून फार निराळी असेल असे मानायला काही आधार नाही. असे आकडे पुढे आले की मागण्या ठरलेल्या असतात: मनोविकारतज्ज्ञ वाढवा, खाटा वाढवा, जिल्ह्याजिल्ह्यात व्यसनमुक्ती केंद्र काढा. त्या चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. गेल्या पन्नास वर्षांतले प्रयोग एकत्र ठेवून पाहिले, तर उपचार सुरू होण्यापेक्षा ते टिकणे अवघड असल्याचे पुन:पुन्हा दिसते. आणि ते टिकवणारे माणूस रुग्णाच्या गावात किंवा वस्तीतच असावे लागते. म्हणून या सेवांचा विस्तार गावापासून सुरू करून वर न्यायला हवा, आणि त्याचे यश किती जण आले यावर न मोजता किती जण सहा महिन्यांनंतरही धरून राहिले यावर मोजायला हवे.

महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही ब्रिटिश अमदानीतली. एकट्या येरवड्याची मंजूर क्षमता २,५४० खाटांची आणि चारही रुग्णालयांची मिळून ५,६९५. एवढ्यावर ११ कोटींहून अधिक लोकसंख्येचा भार पेलणार नाही, हे धोरणकर्त्यांना फार पूर्वी उमगले होते. १९७० च्या दशकातच निम्हान्सने बंगळुरूजवळच्या साकलवाड्यात आणि चंदीगडच्या पीजीआयने हरियाणातल्या रायपूर रानीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी मानसिक आजार ओळखून त्यावर उपचार करू शकतात का, हे तपासले. करू शकतात, असे दिसले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज देशातल्या ७०० हून अधिक जिल्ह्यांत तो मंजूर आहे. म्हणजे कागदावर विस्तार झालेला आहे, आणि तरीही उपचारांतली दरी जिथल्या तिथे आहे.

याचे कारण या कार्यक्रमाच्या रचनेतच सापडते. त्याचे पथक जिल्हा रुग्णालयात बसते. त्यातली पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि उरलेल्या मनुष्यबळात ओपीडी सांभाळायची की तालुक्याला शिबिरे घ्यायची, ही ओढाताण असते. रुग्ण पहिल्यांदा येतो, महिन्याभराच्या गोळ्या नेतो. दुसऱ्या महिन्यात मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून आला तर एखादी गोळी संपलेली असते किंवा डॉक्टर शिबिराला गेलेले असतात. तिसऱ्यांदा तो येत नाही. तो का आला नाही, हे विचारणे या सगळ्या यंत्रणेत कुणाचेच काम नसते. त्यात खात्यांची वाटणी आहे. दारूने यकृत बिघडले तर आरोग्य खाते, दारू सुटत नसेल तर बहुतांशी सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावरचे व्यसनमुक्ती केंद्र, आणि दारूपायी नैराश्य आले तर पुन्हा आरोग्य खाते. प्रत्यक्षात नैराश्य आणि दारू एकाच माणसात, एकाच घरात नांदतात. एकाकडे दुर्लक्ष केले की दुसरे बळावते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. खात्यांच्या कारभारात मात्र ही एकी अजून उतरलेली नाही.

साखळी नेमकी कुठे तुटते हे पाहायला रोज पिणाऱ्या माणसाचा उपचारांतला प्रवास जवळून न्याहाळावा. असा माणूस एकाएकी दारू थांबवतो तेव्हा पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते; ही अवस्था वेळीच आवरली नाही तर जीवही जातो. घरचे ‘बाहेरचे काही आहे’ म्हणून देवऋषी गाठतात, नाहीतर त्रास थांबावा म्हणून स्वतःच पुन्हा एक क्वार्टर आणून देतात. खरे तर लोराझेपामसारखी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांवर बहुतेकांचा हा आठवडा ग्रामीण रुग्णालयातही निभावतो. हा टप्पा शरीराचा आणि तुलनेने सोपा. पुढचा टप्पा मनाचा, आणि तो लांबलचक. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. छत्तिसाव्या दिवशी माणूस घरी परततो. गावातला गुत्ता तिथेच असतो, पगाराचा दिवस ठरलेला असतो, देणेकरी वाट पाहत असतात. बायकोचा विश्वास बसलेला नसतो, आणि तो बसू नये याला तिच्याकडे चांगली कारणे असतात. उपचार टिकणार की नाही याचा निकाल या दिवसानंतर लागतो, आणि बहुतेक यंत्रणांचे काम नेमके तोवर संपलेले असते.

मुक्तांगणचे मोठेपण त्याने हा प्रश्न सुरुवातीपासून ओळखला यात आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले, तेव्हा निमित्त मुंबई-पुण्यातल्या तरुणांना लागलेल्या गर्दचे होते. पण कामाचा सांगाडा ठरला तो पाठपुराव्याचा: गावोगावचे फॉलोअप गट, पत्नींसाठी ‘सहचरी’, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच समुपदेशक म्हणून उभे करणे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा याच तत्त्वावर चालतात. आपल्या परंपरेतही असा आधार आहे. पंढरीची माळ घालून दारू सोडणारी माणसे गावोगाव आहेत. चारचौघांत दिलेला शब्द, सोबतीला दिंडी आणि भजनी मंडळ, दरवर्षीची वारी यांनी त्यांना सावरून धरलेले असते. पण माळ घालणाऱ्याला तिसऱ्या दिवशी फिट आली तर तिथे डॉक्टरच लागतो. आणि डॉक्टरने फिट थांबवली तरी सहाव्या महिन्यात लग्नाच्या वरातीत ग्लास पुढे आला की हात मागे घ्यायला माणसेच लागतात. सेवा म्हणजे या दोहोंची सांधणी.

ही सांधणी सरकारी व्यवस्थेत करता येते का, याचा सर्वांत भक्कम पुरावा गोव्यातून आला आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने नैराश्य आणि चिंताविकारांसाठी ‘मानस’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना त्यांनी दवाखान्यांत बसवले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण जवळपास ६६ टक्के निघाले, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ते ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांचे प्रमाण ६४ ते ६६ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे समुपदेशक असो वा नसो, जवळपास सारखेच राहिले. माझ्या मते या निष्कर्षातच मोठा धडा आहे. खासगी फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, पुन:पुन्हा पाहतो. सरकारी केंद्रात दर वेळी नवा चेहरा भेटतो. समुपदेशकाने सरकारी केंद्रात जी भर घातली, तिच्यात ओळखीच्या माणसाचा वाटा मोठा असावा.

दारूच्या बाबतीतला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारू घातक पातळीवर गेलेल्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना एक ते चार बैठकांचे समुपदेशन मिळाले. पहिल्या बैठकीत पिण्याचा हिशेब मांडायचा: किती, कधी, कोणाबरोबर, आणि त्यापायी तब्येत, पैसा व घर यांचे काय झाले. मग बेत आखायचा: पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी जायचे, मित्राने आग्रह केला तर कोणत्या शब्दांत नाही म्हणायचे, तल्लफ आली की ती ओसरेपर्यंत काय करायचे. शेवटी, पाऊल घसरलेच तर सगळे संपले असे न मानता पुन्हा कसे उठायचे. तीन महिन्यांनी या गटात ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. समुपदेशन न मिळालेल्या दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. आदल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. मात्र जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचे प्रमाण घटले नाही, आणि बायकोवरच्या हिंसेतही लक्षणीय फरक आढळला नाही. हे दडवायचे कारण नाही. नवऱ्याचा प्याला सुटला म्हणजे घर सुरक्षित झाले असे धरून चालता येत नाही. बायकोसाठी स्वतंत्र आधार, प्रसंगी स्वतंत्र निवारा लागतोच.

दवाखान्यात येणाऱ्यांचे असे भागते. पण येतच नाहीत त्यांचे काय, याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने शोधले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या भागातल्या ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलून, नैराश्य ओळखून, लोकांना समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचवले. नैराश्य असूनही मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण सहापट वाढ योगायोगावर ढकलताही येत नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यात सुरू केलेला ‘आत्मीयता’ प्रकल्प पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या ६४५ गावांत गेला. तिथे गावचेच स्वयंसेवक खचलेल्या माणसाशी चार-सहा वेळा बोलतात, आणि विधवा पेन्शन, रेशन किंवा रोजगार हमीचा अर्ज अडला असेल तर तोही मार्गी लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जगातल्या अनुकरणीय सेवांची मांडणी केली, तिच्यात ‘आत्मीयता’ आहे. चेन्नईच्या ‘बनियन’ संस्थेचा, दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या स्त्रियांना भाड्याच्या साध्या घरांत वसवणारा ‘होम अगेन’ही आहे.

या दिशेवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला दर्जाचा: चार आठवडे शिकलेल्या माणसाच्या हाती कुणाचे मन कसे सोपवायचे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देखरेखीत आहे. गोव्यात समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत; सहकारी एकत्र बसून त्या ऐकत, त्यांना गुण देत आणि काय चुकले ते बोलत. एवढी तपासणी आपल्याकडे पदवीधरांच्या कामाचीही सहसा होत नाही. देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकही नाही, ०.७५ आहे. त्यांचा वेळ प्रत्येक रुग्णाला दर महिन्याला तपासण्यात घालवण्यापेक्षा गुंतागुंतीचे रुग्ण पाहण्यात आणि अशा कार्यकर्त्यांना घडवण्यात गेला, तर अधिक लोकांना तज्ज्ञाचा उपयोग होतो. जिथे देखरेख नाही तिथे मात्र हा आक्षेप पूर्ण खरा ठरतो, आणि तिथे असा कार्यकर्ता नेमूच नये.

दुसरा आक्षेप तीव्र आजारांचा. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण गावात ठेवायचा म्हणजे सगळे ओझे आईच्या नाहीतर बायकोच्या गळ्यात मारायचे, असे नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे वर्षानुवर्षांची झीज असते. अमेरिकेचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांवर रुग्ण होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पाऊण लाखाच्या आत आले. १९६३ च्या कायद्याने वचन दिलेली सामुदायिक केंद्रे मात्र निम्मीही उभी राहिली नाहीत, आणि हजारो माणसे रस्त्यावर किंवा तुरुंगात पोहोचली. याचा अर्थ रुग्णालयाची भिंत आधी पाडायची नाही; गावातला आधार आधी उभारायचा. पण भिंतीआड ठेवले की माणूस सुरक्षित, हेही खरे नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ जण साखळदंडांत बांधलेले असताना जळून गेले. जवळ औषध नव्हते, घरच्यांना आधार नव्हता, म्हणून त्यांना तिथे आणून सोडले होते. सेवा नसते तिथे साखळी येते. पुण्यातली ‘सा’ ही स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबीयांची संस्था, कॅनडात स्थायिक झालेल्या जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली. कुटुंबाला माहिती, सोबत आणि थोडी उसंत मिळाली तर ते किती पेलू शकते, हे तिच्या कामातून दिसते. उसंत मात्र मिळायलाच हवी: दिवसभराची केंद्रे, आणीबाणीत थोड्या दिवसांसाठी तालुक्याला खाट, दीर्घकाळासाठी सन्मानाने राहता येईल अशी घरे.

तिसरा आक्षेप व्यसनापुरता आहे: दारूबंदी करा, उपचारांची गरजच उरणार नाही. वर्धा, गडचिरोली आणि काही वर्षे चंद्रपूर यांनी हा मार्ग निवडला, आणि त्यामागची स्त्रियांची चळवळ आदरास पात्र आहे. दारू सहजी मिळेनाशी झाली की नव्याने पिणारे कमी होतात, हे मान्य. पण ज्याचे शरीर दारूवर अवलंबून आहे त्याच्यासाठी बंदी हा उपचार होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने रातोरात बंद झाली तेव्हा केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. दारूही नको आणि उपचारही नाहीत, अशा कात्रीत माणसे सापडली. गडचिरोलीत २०१६ पासूनच्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने म्हणूनच बंदीच्या अंमलबजावणीला गावसंघटनेची आणि तालुक्याच्या व्यसनउपचार क्लिनिकची जोड दिली. आता दारूखेरीज एमडीसारखी नशेची रसायनेही शहरांत पसरत आहेत. त्यांची ओढ शमवणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. तिथे समुपदेशन आणि पाठपुरावा यांवरच सारी मदार आहे.

चौथा आक्षेप विचारी माणसे घेतात: शेतमालाला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, आणि तुम्ही समुपदेशन देता? दुःखाला आजार ठरवून राजकीय प्रश्न बाजूला सारण्याचा धोका खरा आहे. म्हणून ‘आत्मीयता’तला पेन्शनचा अर्ज मला गोळीइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण उलट बाजूही पाहावी. भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा, आणि नैराश्याने घेरलेला माणूस कर्जफेडीची मुदत वाढवून मागायलाही बँकेत जाऊ शकत नाही. पाचवा आक्षेप गावातल्या बोभाट्याचा. शेजारच्याच बाईला सांगितले तर उद्या पारावर चर्चा होईल, ही भीती खोटी नाही. पिणाऱ्या स्त्रीला तर ती दुप्पट असते. त्यामुळे गावातला कार्यकर्ता, आरोग्य केंद्रातला समुपदेशक आणि १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन, हे तिन्ही दरवाजे उघडे हवेत आणि कोणता निवडायचा हे माणसाने ठरवावे. गुप्तता हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि प्रशिक्षणाचा पहिला धडा तोच असावा.

उरतो पैशाचा प्रश्न. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा थेट वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा भाग निम्हान्ससारख्या संस्थांवर खर्च होतो. दुसरीकडे महाराष्ट्राला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींहून अधिक मिळतात. या रकमेचा ठरावीक हिस्सा कायद्याने बांधून व्यसनउपचारांसाठी ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही. तो पैसा आधी माणसांवर खर्च व्हावा. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा सेविका आहेत, आणि नवी योजना आली की ती त्यांच्याच माथी मारण्याची सवय जडली आहे. शेतकऱ्यांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही घरोघरी जाऊन नैराश्य ओळखण्याचे काम त्यांच्याकडेच आले. ओळखण्याचे काम त्यांनी वाजवी मोबदल्यावर करावे. चार बैठकांचे समुपदेशन आणि वर्षभराचा पाठपुरावा यांसाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पगारी, पूर्णवेळ समुपदेशक हवा, आणि त्या पदांवर व्यसनातून किंवा आजारातून बाहेर आलेल्यांना अग्रक्रम हवा.

हे सारे मागताना कुणाची मेहेरबानी मागितली जात नाही. २०१७ च्या कायद्याने सरकारी सेवेचा हक्क दिला आहे, समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र मोफत, सदैव मिळतील असे म्हटले आहे. मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी त्याने सरकारांना दहा वर्षे दिली. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला, म्हणजे मुदत २०२८ मध्ये संपते. क्षयरोगात हेच सरकार प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवते, त्याने गोळ्या पूर्ण केल्या का हे पाहते आणि मध्येच सोडणाऱ्याच्या दारी माणूस पाठवते. तीच शिस्त इथे आणता येते. प्रत्येक जिल्ह्याने वर्षाकाठी एक आकडा जाहीर करावा: मानसिक आजार किंवा व्यसनासाठी पहिल्यांदा आलेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर किती जण उपचारांच्या संपर्कात होते. तो विधिमंडळात मांडला जावा, आणि ज्या जिल्ह्यात तो घसरेल तिथे पदे, औषधे आणि देखरेख आधी पोहोचावी. किती शिबिरे झाली, किती खाटा वाढल्या, किती पत्रके वाटली, हे आकडे सांगणे सोपे आहे. आपल्या लोकप्रतिनिधींना आपण विचारायला हवा तो हा अवघड आकडा.